सहा नंबरच्या जर्सीवरची ढाल

एर्सिलिया कोन्यीनीच्या नाकावर माशी बसायची नाही आणि तिच्या दोरीवरच्या जर्सीवर डाग दिसायचा नाही. सकाळी बूट-जोड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर, आणि दुपारनंतर गावच्या फुटबॉल क्लबच्या सतरा वर्षांखालच्या पोरांच्या जर्स्या धुणं, वाळवणं, उसवलेलं शिवणं. चिखलात लोळून आलेल्या पोराला ती आधी झापायची, मग त्याच्या खरचटलेल्या गुडघ्याकडे बघायची. पोरं तिला मावशी म्हणायची नि टरकून असायची.

आमचं गाव डोंगरावरचं, घरटी एक तरी माणूस जोड्यांच्या धंद्यातला, आणि क्लब म्हणाल तर चिमूटभर. इटलीभरच्या क्लबांच्या सतराखालच्या संघांची चॅम्पियनशिप दरसाल व्हायची, आणि आमची पोरं पहिल्या फेरीतच मार खाऊन घरी यायची. जो संघ जिंकेल त्याच्या जर्सीवर पुढचं वर्षभर तिरंगी ढाल लागते. एवढीशी, कापडाची, हिरवी-पांढरी-लाल. ती ढाल आम्ही फक्त दुसऱ्यांच्याच छातीवर पाहिलेली.

मग साउरो पेत्रीनी कॅप्टन झाला. पोरगा पळण्यात काही वीज नव्हता, पण बचावात पाठीमागे उभा राहिला की पुढून वारासुद्धा विचारून जायचा. त्यानं संघ ओढत ओढत फायनलपर्यंत नेला. तो आठवडाभर गावात ‘जिंकलो तर’ म्हणायची बंदी होती. दूधवाल्याच्या तोंडून निघून गेलं, तर नजर लागू नये म्हणून एर्सिलियानं त्याला हाताला धरून फाटकाच्या लोखंडाला हात लावायला लावला. उगाच गुडघ्याला बाशिंग बांधून फिरू नकोस, म्हणाली.

फायनल तुरिनच्या बड्या क्लबाशी. साउरोची भुवई फुटली, जर्सी रक्तानं भरली, तरी गडी मैदानातून हलला नाही. एका गोलानं जिंकलो. बस गावात शिरली तेव्हा चर्चची घंटा वाजत होती आणि म्हातारी माणसं रस्त्यात रडत होती. एर्सिलिया रडली नाही. ती साउरोची सहा नंबरची जर्सी मिठाच्या पाण्यात भिजत घालून बसली आणि रक्ताचा टिपूस राहू दिला नाही तिनं.

ऑगस्टात ढाली आल्या. पहिली हातात घेतली आणि बाईच्या काळजात चर्र झालं. जिंकलेली पोरं आता सतरा ओलांडलेली. दोघांना मोठ्या क्लबांनी उचललं, बाकीच्यांना नुसता ‘धन्यवाद’ म्हणून निरोप मिळाला. साउरो तर तिच्याच कारखान्यात जोड्यांचे तळ चिकटवायला लागला होता. म्हणजे ढाल कमावली एकांनी आणि मिरवणार दुसरेच!

ती तडक क्लबात गेली आणि साउरोसाठी एक ढाल मागितली. सेक्रेटरी बेनेदेत्ती भला माणूस. त्यानं गोडीत सांगितलं की विजेता क्लब असतो, ढाल जर्सीची असते, माणसाची नसते. त्याचं चूक नव्हतं, म्हणून तर तिला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात साउरोच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि शनिवारी घरी ये म्हणाली. जुन्या सगळ्यांना घेऊन ये.

साउरोनं मान वर केली नाही. “मावशी, त्या जर्स्या आता माझ्या नाहीत.”

“कुणाच्या आहेत ते मी विचारलंय का? मला छाती पाहिजे. टेबलावर शिवलेली ढाल अंगावर वाकडी बसते. नवी पोरं वरच्या डोंगरात सरावाला गेलीत, मग मी काय खांबाला जर्सी घालू?”

शनिवारी पोरं आली. तिनं भरलेली ऑलिव्ह तळून ठेवली होती. एकेकाला आपापल्या नंबरची जर्सी चढवून खिडकीसमोर उभं केलं आणि ढाल टाचली. गल्लीतली माणसं खिडकीशी जमली. साउरो शेवटी आला. हात दोनदा धुतले, तरी बोटांना गोंद चिकटलेलाच होता.

अंगावरचं कापड शिवू नये म्हणतात, आणि एर्सिलिया असलं सगळं पाळणारी. पण त्याची ढाल तिनं त्याच्या अंगावरच शिवली, हृदयाच्या वर. बेनेदेत्ती दारात येऊन उभा राहिला. “माप घेतेय,” ती मागं न बघता म्हणाली. त्यानं टोपी काढली आणि मुकाट्यानं ऑलिव्ह खायला बसला.

शिवून झालं. साउरो जर्सी काढायला लागला.

“थांब, टाका ढिला आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून शिवायला लागली. टाका काही ढिला नव्हता. साउरो ताठ उभा होता. खिडकीबाहेर त्याचा बाप उभा होता, कारखान्याच्या कपड्यांत, आणि लेकावरची नजर हलवत नव्हता. मग साउरोनं अंगठ्यानं ढाल एकदा चाचपली, जर्सी काढली आणि आपल्या हातानं घडी करून ठेवली.

सप्टेंबरात पहिला सामना होता. नवा कॅप्टन सहा नंबर चढवता चढवता थबकला. ढालीच्या कडेला गोंदाचा अंगठा उमटला होता.

“मावशी, डाग राहिलाय.”

एर्सिलियानं त्याची कॉलर नीट केली.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी तो धुणार नाही. जा, खेळ.”