रेशनवाल्याने लाटलेली चपाती

धाकटी पोर तिसऱ्या दिवशीही पोट धरून निपचित पडली, तेव्हा तिला खांद्यावर टाकून मी पोलादपूरच्या रेशन दुकानात भांडायला गेले. देशभर धान्याची टंचाई होती. मुंबईची गिरणी बंद पडून नवरा घरी बसला होता, आणि सरकारने तांदूळ कमी करून परदेशी गहू द्यायला सुरुवात केली होती.

दुकानावरचा माणूस घाटावरचा. मान खाली घालून मापायचा आणि "पुढे" एवढंच बोलायचा. मला तो आवडत नसे.

"तुझ्या गव्हानं पोर मरतेय," मी म्हटलं.

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "पीठ कसं मळलंस?"

"उकळत्या पाण्यात, तांदळाच्या भाकरीसारखं. मग जाड थापली."

"आतून कच्ची राहते ती. हिला दोन दिवस नुसती पेज दे."

मग त्याने रांग थांबवली. मागच्या खोलीतून स्वतःचं पीठ आणून गार पाण्यात मळलं, डब्याच्या झाकणावर बाटलीने पातळ चपाती लाटली आणि स्टोव्हवर तवा ठेवून भाजली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"बायको नाय का रे तुला?" एका म्हातारीने विचारलं.

"हाय. तिनंच शिकवलं. हसू नका, बघा."

आम्ही बघितलं. घरोघरी तशीच चपाती होऊ लागली. आठवड्याने पोर उठून खायला मागू लागली.

आम्ही घरात सात माणसं होतो. त्या वर्षातून सातही जण तरलो.