चेस्टरच्या बोटांखालची नदी

माझ्या बहिणीचा नवरा चेस्टर गोर्का हट्टी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. डेट्रॉइट नदीकाठच्या वायनडॉट गावातल्या आमच्या गल्लीत हट्टी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण चेस्टर त्यांच्यातही उठून दिसायचा. सोड्याच्या कारखान्यात त्याने उभं आयुष्य काढलं, प्रत्येक फोरमनशी भांडला आणि सगळ्यांना पुरून उरला. नदीवर मात्र त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, कारण नदीवर तो बरोबर असायचा. हट्टी माणूस वर बरोबरही असला की त्याच्याबरोबर होडीत बसणं म्हणजे शिक्षाच. ती मी वर्षानुवर्षं आनंदाने भोगली.

वॉलआय मासा रात्री खायला निघतो. एप्रिलमध्ये तो झुंडीने डेट्रॉइट नदीत चढतो आणि आमच्याकडची माणसं त्याला गळाच्या काठीने नाही, हातातल्या तारेने धरतात. होडीच्या काठाला स्प्रिंगचं चाक, त्यावर बारीक पोलादी तार, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा आणि त्याच्यामागे गळ लावलेले दोन खोटे मासे. डाव्या हातात इंजिनाचा दांडा, उजव्या हाताच्या बोटावर तार. प्रवाहाविरुद्ध गोगलगाईसारखं जायचं आणि शिसं तळाला टेकवत, उचलत राहायचं. खाली काय आहे ते बोट सांगतं. खडी खरखरते, चिकणमाती शिसं धरून ठेवते, जुन्या आगबोटींनी टाकलेला जळका कोळसा टणटणतो. चेस्टर याच्यावरच होडी हाकायचा. किनाऱ्यावरच्या दिव्यांकडे त्याचं लक्षही नसायचं. काळ्याकुट्ट अंधारात तो खडीवरून चिकणमातीवर यायचा, तिथून कडा लागला की वळायचा, कारण त्या कड्यापलीकडे जहाजांचा खोल मार्ग. मी एकदा नदीचा तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र विकत आणलं, तर त्याने त्यावर आपली टोपी अडकवली आणि टीव्ही मी घरी बघतो म्हणाला.

त्याला साखरेचा आजार होता. पाय आधी बधिर होतील, मग हात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चेस्टरने ते नेहमीप्रमाणे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला एक शुक्रवार. मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर माझी बहीण फ्लॉरेन्स अंगणातच आडवी आली. दुपारी चुलीवरचा लोखंडी तवा चेस्टरने उघड्या हाताने उचलला होता, आणि तो तसाच हातात धरून तिच्याशी हवेबद्दल बोलत उभा राहिला होता. तिला जळल्याचा वास आला तेव्हा आधी वाटलं की तव्यावरच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, करपल्या.

"लेन, होडीत तू त्याच्यासमोर असतोस," ती म्हणाली. "त्याला तार लागते की नाही, तेवढं बघ. नसेल लागत तर मला सांग. या वयात मला विधवेचे काळे कपडे शिवायचे नाहीत."

मी बघायला लागलो. मासे तर तो माझ्यापेक्षा जास्तच धरत होता, त्यामुळे मला वाटलं बाई उगाच घाबरली. मग एका रात्री तो एकाएकी तारेवर वाकला, बंद दाराला कान लावावा तसा. बराच वेळ तसाच राहिला. मी विजेरी लावली. त्याने तार खालच्या ओठाला लावली होती. ओठावर चरे पडले होते, काही जुने, काही ताजे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवा विझव. मासे बुजतात."

"चेस्टर, कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून. बोटं झोपलीत. ओठाला कळतंय ना सगळं, मग झालं तर."

माझं डोकं फिरलं. नदी काय तोंडात धरायची वस्तू आहे का, वगैरे बरंच काही मी बोललो. त्याने ऐकून घेतलं, हेच वाईट लक्षण होतं. मग हळूच म्हणाला, "घरी मी गोळ्या खाणारा म्हातारा आहे रे. फ्लॉरेन्स माझे मोजे तपासते. इथे एवढा हंगाम होऊ दे. मग मीच सांगतो तिला."

मला त्याची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. शेवटी ठरलं की तो एकटा जाणार नाही आणि ईस्टरला स्वतःच्या तोंडाने तिला सांगेल. फ्लॉरेन्सला मी एवढंच म्हणालो की ईस्टरपर्यंत थांब, तो आपणहून बोलेल. ती मूर्ख नव्हती. "म्हणजे मला कळलं," असं म्हणून ती आत गेली आणि आमच्यासाठी थर्मासमध्ये कॉफी भरून घेऊन आली. तिने त्याला अडवलं नाही. मला वाटतं तिला त्याच्याकडून ऐकायचं होतं, पकडायचं नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. त्या रात्री पावसात बर्फाचे कण होते आणि पाण्यावर फारशा होड्या नव्हत्या. मी म्हटलं, आज राहू दे. चेस्टर म्हणाला, गर्दी नाही तर मासे आपलेच. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं मनात म्हणत मी पुढच्या फळीवर बसलो. त्याने दोन चांगले मासे काढले, मग काहीच लागेना. तो सारखा तारेवर वाकत होता. खाली काय आहे, मी विचारलं. चिकणमाती, तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. चिकणमाती. मला ते चमत्कारिक वाटलं, कारण त्या भागात चिकणमातीचा पट्टा इतका लांब नाही. पण चेस्टरला नदी शिकवणारा मी कोण?

मी नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. शहराच्या उजेडात दोन पांढरे दिवे एकावर एक उभे होते. त्यांच्या खाली एक लाल, एक हिरवा. जहाजाचे लाल आणि हिरवा दोन्ही दिवे दिसले म्हणजे जहाजाचं तोंड आपल्याकडे आहे. एवढं आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. आवाज काही नव्हता. त्या लांबलचक जहाजांचं इंजिन मागच्या टोकाला असतं, पुढून ती मुक्यानेच येतात.

"चेस्टर, जहाज. बाहेर काढ."

"बाहेरच आहोत. ते पलीकडून जाईल."

"ते सरळ आपल्यावर येतंय."

"लेन, माझ्याखाली चिकणमाती आहे. चिकणमातीवर जहाज येत नाही." त्याचा स्वर अगदी शांत होता, कारण त्याची पक्की खात्री होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. थंडीने त्याचा ओठही गेला होता. बधिर ओठाला सगळंच मऊ लागतं, खडी काय नि कडा काय. किती वेळ आपण जहाजांच्या मार्गावर होतो, देव जाणे.

जहाजाने भोंगा दिला, आखूड आखूड, पुन्हा पुन्हा. मी फळीवरून उडी मारली, त्याचा हात दांड्यावरून झटकला आणि होडी किनाऱ्याकडे वळवून इंजिनाला पूर्ण वेग दिला. शिसं खाली कशात तरी अडकलं, चाक किंचाळलं, तार सुटत गेली आणि तुटली. मग आमच्या बाजूने जहाजाची भिंत सरकायला लागली. ती संपेचना. तिची लाट आली तेव्हा होडीत गुडघाभर पाणी झालं. मी शिव्या देत बादलीने पाणी उपसत होतो, आणि चेस्टर मागे नुसता बसून होता.

मी विजेरी त्याच्यावर मारली. त्याच्या पिवळ्या रेनकोटाची उजवी बाजू लाल होती. पायाखालचं पाणीही लाल होत होतं.

त्याने खाली पाहिलं आणि विचारलं, "लेन, तुला कुठे लागलं?"

मी त्याचा हात धरून उजेडात आणला. तार सुटताना त्याने ती मुठीत गच्च धरून ठेवली होती. दोन बोटं हाडापर्यंत चिरली होती. त्याने ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी उलटसुलट करून पाहिली.

इस्पितळात टाके घालून आम्ही परतलो. फ्लॉरेन्स स्वयंपाकघरात बसली होती. मला वाटलं आता दोघांचीही हजेरी घेतली जाणार. तिने फक्त खुर्ची ओढली. चेस्टर बसला. सबंध आयुष्यात या माणसाच्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं ते त्याने सांगितलं.

"फ्लो, मला कळलं नाही. नदी खाली होती आणि मला कळली नाही. होडी लेनला देऊन टाकू."

महिनाभर ती याच वाक्याची वाट बघत होती. ऐकलं आणि तिलाच रडू फुटलं. तिने त्याचा चांगला हात दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर धरून बसली. तो खिडकीबाहेर बघत होता. तिथे अजून अंधारच होता. मी उठून निघणार, एवढ्यात तो खिडकीकडे बघतच म्हणाला, "सोडलास का गं हात?"

"नाही," फ्लॉरेन्स म्हणाली. तिने तो आणखी घट्ट धरला. मग तिच्या लक्षात आलं की त्याचा काही उपयोग नाही, आणि ती म्हणाली, "इकडे बघ, चेस्टर. धरलाय."