यादीतला आठवा नंबर

सुपडाबाई माझ्या हातचं पाणी घेत नसत. सुरतेतल्या डिंडोलीच्या उन्हात त्या माझ्याबरोबर घरोघर फिरत, बोलून बोलून त्यांचा आवाज फाटे. पण मी बाटली पुढे केली की हात आडवा. "सांजले पिसू." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी वाक्य आधी मनात जुळवून मग बोलणारी. का, असं विचारायचा धीर झाला नाही. कसलं तरी व्रत असेल, असं मी ठरवून टाकलं.

प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली आणि पुन्हा भरली, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या कचेरीला प्रत्येक भागातल्या आरोग्याच्या गरजा क्रमाने लावायच्या होत्या. यादीत जे वर, ते काम आधी. मी बायकांपुढे सात चित्रं मांडायची: ताप, खोकला, जुलाब वगैरे. ज्याचा त्रास जास्त, त्यावर बाईने चिंचोका ठेवायचा. सुपडाबाईंचा नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता, तो वारल्यावरही वस्तीत त्यांचा शब्द चाले, म्हणून बायका गोळा करायचं काम त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी तापावर ढीग पडला. मी खुशीत मोजायला बसले.

त्या हसल्या. "पोरी, सासू जठे टाकस तठेच सून टाकस. तू नुसत्या सासवा मोजी राह्यनी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सासवांना बाहेर ओट्यावर बसवलं. "तुमले ताप शे ना? मंग बठा उनमा!" सुनांना एकेक करून आपल्या खोलीत पाठवलं, आणि चित्रांच्या शेवटी स्वतःचा पितळी लोटा ठेवला. सगळ्या जणी होऊन गेल्यावर मी तो उचलला. जड लागला. बहुतेक चिंचोके त्यातच होते.

वस्तीत संडास नव्हते. बायका उजाडण्याआधी रुळांकडे जात, नाहीतर थेट अंधार पडल्यावर. मधला सारा दिवस पाणी न पिता काढायचा. मग लघवीची आग, पोटात कळा. "पानी पिसू, मंग जासू कोठे?" सुपडाबाई म्हणाल्या. मी माझी बाटली पिशवीत खाली सरकवली.

कचेरीतल्या साहेबांनी लोट्याला यादीत आठवं स्थान दिलं. "हा आजार नाही. बांधकामवाल्यांचा विषय आहे." मी मान हलवली. त्यात मी हुशार होते.

मी ते सुपडाबाईंना सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आठवा? सायेबले सकायमा आठव्या नंबरवर लागस का?"

यादी पक्की करायच्या दिवशी, बैठकीआधी, कचेरीतल्या एकुलत्या एका संडासासमोर सात सुना लोटे घेऊन रांगेत उभ्या होत्या. दाराशी सुपडाबाई. त्यांतली आत गेलेली पहिली निवांत होती. चहा पिऊन साहेब आले, रांग बघून थबकले आणि मला म्हणाले, "यांना बाहेर काढा. तुमच्या वस्तीच्या आहेत ना?"

"सायेब, रांगमा या," सुपडाबाई म्हणाल्या. "तुमना नंबर आठवा. आम्ही नही लावा, तुम्हीच लावेल शे."

सगळे माझ्याकडे बघत होते. या वेळी मी वाक्य जुळवत बसले नाही. मी चालत गेले आणि सातव्या सुनेच्या मागे उभी राहिले. साहेब नववे झाले.

यादी त्याच दुपारी बदलली, लोटा वर आला. संडास उभे राहायला मात्र दोन उन्हाळे गेले, आणि त्या दोन्ही उन्हाळ्यांत सुपडाबाई दर सोमवारी कचेरीत येऊन "आज किती विटा लाग्यात?" विचारत राहिल्या.

सुरत सोडण्याआधी मी त्यांना भेटायला गेले. भर दुपार होती. सवयीने मी बाटली काढलीच नाही. त्यांनीच हात पुढे केला.

"आन तुनी बाटली."

घटाघटा पिऊन त्यांनी ती रिकामी केली, पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. "बठ. मी उनी परत," म्हणाल्या, आणि सगळ्या गल्लीच्या देखत, ताठ मानेने, त्या नव्या दारांकडे निघाल्या.