माझ्या शेगडीतलं टायटॅनियम

आमचे हे, हयवदनराव, इकडे कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या एका वर्कशॉपात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर होते. एकतीस वर्षांत हातून एक तुकडा वाया गेला नाही, हे त्यांनी मला एकतीस हजार वेळा तरी ऐकवलं असेल. मी मध्ये काही बोलले की उत्तर ठरलेलं, "लोखंडातलं तुला काय कळतंय, गोदू? तू शेगडी बघ." बघतच होते हो. सोळाव्या वर्षापासून दुसरं केलं काय मी?

पद्माकर आमचा माडीवरचा भाडेकरू, पुण्याहून आलेला, संशोधन खात्यात इंजिनियर. त्रेसष्ट सालच्या एका रविवारी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली राखाडी कांब घेऊन खाली आला.

"अण्णा, हे टायटॅनियम. परदेशातून यायला आठ महिने लागले. विमानातल्या यंत्रासाठी ह्याची एक पिन करायची, आणि एक जादाची. आजवर ब्राँझची असायची."

ह्यांनी माझा तराजू मागितला. एका पारड्यात ती कांब, दुसऱ्यात तेवढाच ब्राँझचा तुकडा. ब्राँझचं पारडं धाडकन खाली.

"हे तर केवढं हलकं हो!" मी म्हटलं.

"वजन निम्मं, ताकद दुप्पट, काकू. आणि गंजाचं नाव नाही."

ह्यांना ते झोंबलं. आयुष्य ब्राँझवर गेलेलं ना! "पण ब्राँझ पोलादावर कसं गुळगुळीत सरकतं. हे घासलं की चिकटून बसेल."

"बरोबर. म्हणून पिन ह्याची, आणि ती जिच्यात फिरते ती बुश ब्राँझचीच."

"सरी," म्हणजे ठीक, असं कानडीत म्हणून हे खुशीत हसले.

बुधवारी कांब लेथवर चढली. पद्माकर म्हणाला होता, "वेग बराच कमी ठेवा, अण्णा." पण ऐकतील तर शपथ! धातू तो धातू, असा ह्यांचा हेका. चालवला ब्राँझचाच वेग. कातणाऱ्या टूलचं टोक लाल झालं आणि निघालेला कीस पांढराफेक पेटला. हे पाण्याची बादली उचलायला धावले, तर शेजारी उभा असलेला पद्माकर ओरडला, "पाणी नको, पेटल्यावर पाण्यानं आणखी भडकेल, वाळू टाका!" वाळूनं विझलं. पण ह्यांच्या भुवया गेल्या आणि अर्धी कांब फुकट गेली.

पद्माकर भला पोरगा. हळूच म्हणाला, "कांबेतच दोष होता, असं लिहितो."

"खोटं कशाला? वेग माझा चुकला, तसंच लिहा."

मालक नरसिंहरावांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "उरलेली अर्धी शनिवारपर्यंत तुमच्याकडे. तीही गेली तर लेथ दुसऱ्याला, तुम्ही गोदाम सांभाळा."

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. तळपायांची आग होतेय म्हणाले, म्हणून मी तूप आणि काशाची वाटी घ्यायला गेले. वाटी शेगडीला टेकलेली. उचलली आणि हात भाजला.

"अगंबाई! एवढीशी कड टेकली तर सगळी वाटी तापली!"

"कासं म्हणजे ब्राँझचाच भाऊ. तापणारच."

"आणि तुमचं ते टायटॅनियम? तेही असंच तापतं का?"

"लोखंडातलं तुला काय..." म्हणता म्हणता ते थांबले. उठले, पिशवीतून वाया गेलेली अर्धी कांब काढली, जोडीला तेवढीच ब्राँझची, आणि दोघींची टोकं खुपसली निखाऱ्यांत. माझ्या शेगडीत! मी काय बोलणार, कपाळ? पाच मिनिटं झाली आणि मला राहवेना. ब्राँझचं अलीकडचं टोक धरलं, तर बोटाला टरकन फोड. टायटॅनियमचं धरलं, तर जेमतेम कोमट. पलीकडचं टोक मात्र लालबुंद.

"अहो, ह्यातली आग पुढे सरकतच नाही!"

"काय म्हणालीस?" ह्यांनीही हात लावून पाहिला. "खरंच की! ब्राँझ आपली आग अंगभर वाटून टाकतं. ह्याच्यात सगळी टूलच्या टोकाशीच बसून राहते. म्हणून जळलं!"

"माझं बोट जळलंय, त्याचं काय?" पण ऐकतंय कोण! ते जेवायला बसले होते.

शुक्रवारी त्यांनी लेथ अगदी रांगत चालवला. टूलवर थंड पाण्या-तेलाची धार अखंड, आणि टूल बोथटलं की लगेच दुसरं. संध्याकाळी पिन तयार झाली. ब्राँझच्या बुशमध्ये घातली, तर काय सुरेख फिरली म्हणे. लेथ ह्यांचाच राहिला.

पुढं खंडेनवमी आली. ह्यांनी पाटावर कॅलिपर, मायक्रोमीटर, टूलं मांडून हळदकुंकू वाहिलं. पद्माकर प्रसादाला आला होता. मी आरतीचं ताट घेऊन आले, तर म्हणाले, "ते ठेव खाली. हात आण इकडे."

माझा हात घेऊन त्यांनी मायक्रोमीटरशेजारी पाटावर ठेवला. बोटावर फोडेचा डाग होता, त्यावर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

"अहो, पद्माकर बघतोय!"

"बघू दे. पहिला तुकडा मी घालवला, दुसरा ह्या बोटानं वाचवला."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली. तरी जिभेला हाड नाही माझ्या. म्हटलं, "लोखंडातलं मला काय कळतंय?"

ते खाली मान घालून अक्षता गोळा करत राहिले.