भिंतीला टाच लावून

महिन्यापूर्वी सकाळी मुलीचा मुलुंडहून फोन आला. माझी फिजिओ शुभदा गेली... जेमतेम पंचेचाळीसची पोरगी. कप हातात तसाच राहिला, चहावर साय धरली.

मी रंगारी. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडलो, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी मला मुलुंडला आपल्या तळमजल्यावरच्या घरी घेऊन गेली. माझं घर बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिने चढता आले तरच परत जायचं, असं तिनं बजावलं. तिच्याकडे कमी काहीच नव्हतं, पण दिवसभर पाहुण्यासारखं बसून जीव नकोसा झाला होता. आधीचे फिजिओ म्हणायचे, खुब्याच्या बाजूचा स्नायू आवळा. मी दात आवळायचो, पोट आवळायचो. कुशीवर पडून ढीगभर वेळा पाय उचलायचो, पण चालताना एका बाजूला कलायचोच.

मग मुलीनं शुभदाच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिनं माझ्या खुब्यावर दोन बोटं ठेवली, पाय उचलायला लावला आणि हसली. म्हणाली, सगळी मेहनत मांडी करतेय, ज्याचं काम आहे तो मस्त झोपलाय. मग धंदा विचारला. ती सगळ्यांनाच विचारायची. पोळ्या लाटणारीला एक सांगायची, शिंप्याला दुसरं. माझा कळल्यावर मला भिंतीलगत कुशीवर घेतलं.

“काका, पाय विसरा. टाच भिंतीला दाबा आणि खालून वर रंगाचा एक सलग हात मारा. मध्ये पट्टा सुटायला नको.”

अहो, जन्मभर दुसरं केलं काय होतं! टाच वर सरकली आणि तिच्या बोटांखाली तो स्नायू टणक झाला. मग तिनं माझीच बोटं तिथं ठेवली. मी रडलो, खोटं कशाला सांगू?

चार महिन्यांनी बोरिवलीच्या घराचं कुलूप मी माझ्या हातानं उघडलं. हे ऋण तिचं, आणि ते मला मिरवायला आवडतं.

शेवटचं भेटलो ते तिच्या घरी. आजारानं पार वाळली होती, उशीला टेकून बसणंही जड. “तुझ्यामुळे गं...” एवढंच मला जमलं. तिनं पुढं बोलूच दिलं नाही. दारापर्यंत चालून दाखवा म्हणाली.

मी तिच्याकडे पाठ करून निघालो. इतकं मन लावून आयुष्यात कधी काही केलं नसेल. दाराशी पोचलो तेव्हा मागून तिचा बारीक आवाज आला.

“झकास, काका. आता वळू नका. असेच घरी जा.”

मी वळलो नाही. डोळे पुसायलाही हात वर केला नाही, ती बघत होती ना.