बांगड्या काढून येणे

"हात आत घाल," खिडकीमागचे कारकून भाऊसाहेब म्हणाले.

मी खिडकीच्या गजांतून हात आत घातला. वाटलं, अंगठा हवा असेल. मी सही करते, हे सांगायला तोंड उघडत होते. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट पेन्सिलीच्या टोकानं वर उचललं. हातानं नाही, पेन्सिलीनं. बांगड्या वाजल्या. हिरव्या, काचेच्या, दोन्ही हातांत मिळून चार.

"ह्या काय?"

"बांगड्या."

"ते दिसतंय मला. कुणाच्या नावाच्या?"

मागं पेन्शनवाल्यांची रांग होती. हसू पुढून मागं सरकत गेलं. मागच्यांना काय झालं ते कळलंसुद्धा नसेल, पण तेही हसले.

भाऊसाहेब म्हणाले, नवरा मेला म्हणून सरकार पैसे देतं आणि तू नटून येतेस. दुसरा केला असशील तर तसं सांग, पुस्तक आत्ताच बंद करतो. मी म्हणाले, नाही केला, तसं फॉर्मात लिहून दिलंय. त्यांनी फॉर्म उलटा करून गजाबाहेर सरकवला.

माझ्यामागं काळ्या टोपीचे एक निवृत्त मास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते म्हणाले, "अगं, जा की, काढून ये. आम्हाला यष्टी गाठायचीय."

कचेरीच्या मागं नळ होता. तिथं मनगटं ओली करून बांगड्या काढल्या. साबण नव्हता. डाव्या हातातल्या निघाल्या. उजव्यातल्या दोन फुटल्या. बाकीच्या रुमालात बांधल्या आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला उभी राहिले. खिडकीशी आल्यावर सांगितलं नव्हतं तरी दोन्ही हात पुढं केले. भाऊसाहेबांनी बघितलं. शिक्का मारला.

"आता कशी विधवा दिसतीस."

मी म्हणाले, "हो, भाऊसाहेब."

कचेरी कुठली, ते लिहीत नाही. भाऊसाहेबांचं नावही लिहीत नाही. नाव लिहिलं तर वाचणारा म्हणेल, तो एक माणूस वाईट होता. एका माणसाची गोष्ट मी लिहीत नाही.

आमची वस्ती भीमेच्या काठाला. नदीच्या अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड. नवरा बांधकाम खात्यात रोड रोलरवर होता. दुष्काळाच्या साली रस्त्याची कामं निघाली, त्यातल्याच एका रस्त्यावर त्याचा पाय रोलरखाली गेला. पाय घोट्याच्या वर कापला. मग नोकरीला नालायक ठरवायला पुण्याला मेडिकल बोर्ड. पाय नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण कागदावर यायला तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला फोटो नव्हता. दुसऱ्या खेपेला फोटो होता, त्यावर साहेबाची सही नव्हती. तिसऱ्या खेपेला सगळं होतं, डॉक्टर रजेवर होते. आम्ही दोन दिवस बाहेर व्हरांड्यात काढले, डॉक्टर आल्यावरच परत फिरलो. कुबड्या काखेत घेऊन तो यष्टीच्या पायऱ्या चढायचा आणि कंडक्टर घंटी वाजवायचा.

तेव्हापासून मी वही ठेवली. सातवी शिकलेली आहे. कुठल्या कामाला कुठला कागद, कुणाची सही, किती प्रती, खिडकी कधी उघडते, साहेब कुठल्या वारी बसतात, सगळं लिहायचे. वही ठेवल्यावर एकही खेप फुकट गेली नाही. मला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगून ठेवते.

अपंगाची पेन्शन त्याला दोन वर्षं मिळाली. जखम शेवटपर्यंत भरली नाही. तो गेला त्या दिवशी वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या दगड घेऊन माझ्या हाताशी आल्या. सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, मधे उभे राहिले. पोराचं मढं दारात होतं आणि ते म्हणाले, "धर्म बदलला तवा ही रीत बी तिथंच टाकली. तिच्या बांगड्याला हात लावायचा न्हाई." म्हाताऱ्या चिडून गेल्या. वस्तीत हे नवं होतं. पुढं वर्षभर बायका माझ्या हाताकडं बघायच्या. मी हात झाकले नाहीत. आबांनी पोराच्या मढ्याशेजारी उभं राहून राखलेली गोष्ट होती ती.

आणि ती मी नळावर काढून ठेवली. घरी येताना यष्टी स्टँडवर उरलेल्या दोन पुन्हा चढवल्या. दोन फुटल्या कशा, आबांनी विचारलं. म्हटलं, गर्दीत.

फॅमिली पेन्शनला दर सहा महिन्यांनी दाखला लागतो. पुन्हा लग्न केलं नाही, असा. म्हातारा पेन्शनर फक्त जिवंत असल्याचं सांगतो. बाईनं जिवंत असून शिवाय कुणाची झाली नाही, हे सांगायचं. तेही एकदा नाही, दर सहा महिन्यांनी. सरपंचाची सही आणायची. सरपंच ओट्यावर बसून वरपासून खालपर्यंत बघणार, मग सही करणार.

त्या सालांत नियम सारखे बदलत होते. आधी मनिऑर्डर यायची, मग खिडकीवर बोलावलं. आधी दाखला वर्षाला एक, मग दोन. कधी पांढरा फॉर्म, कधी पिवळा. महागाईचं वाढीव कधी लागू, कधी लागू नाही. कुणी समजावून सांगत नसे. नियम आम्हाला माहीत नव्हते, भाऊसाहेब माहीत होते. ते जे म्हणतील ते मी वहीत लिहायचे. ते म्हणाले हात रिकामे पाहिजेत, मी तेही लिहिलं.

मग दर सहा महिन्यांनी तेच. नळ, रुमाल, रांग, हात पुढं, शिक्का. पुढच्या वेळेपासून साबणाचा तुकडा नेऊ लागले. हेही वहीत आहे. साबण.

हळूहळू बाकीच्या बायका माझ्याकडं यायला लागल्या. कुणाचा नवरा पाटबंधाऱ्यात वारला, कुणाचा शाळेत शिपाई होता. त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलेलं असायचं. मी वहीतून कागद उतरवून द्यायचे. पेन्शनचं पुस्तक. फोटो दोन. दाखला, सरपंचाच्या सहीचा. खिडकी अकराला उघडते, दहाला पोचणे. पाणी बरोबर ठेवणे. आणि शेवटी, बांगड्या काढून येणे. हातात काही नको. अकरा बायकांना असे अकरा कागद दिले. अक्षर माझं चांगलं आहे.

त्यातली एक वरवंडच्या बाजूची होती. धनगराची, साठीची. नवरा कालव्यावर पहारेकरी होता. मी तिला मामी म्हणायचे. कपाळ मोकळं, काचेची बांगडी नवरा गेला त्याच दिवशी फुटलेली. तिला फॅमिली पेन्शन नवीनच लागली होती. पहिल्याच खेपेला ती मला रांगेत भेटली. काम होऊन आली होती, पहिल्याच खेपेला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, बाई, तुमच्या कागदानं लई काम झालं, कंडक्टरकडून वाचून घेतला.

मग तिनं कनवटीची गाठ सोडून दाखवली. चांदीचं कडं होतं. जाड, जुनं. मधून कापलेलं.

"आईनं घातलेलं. लगीन व्हायच्या आदीपासून हातात. निघंनाच. मग सोनारानं कापलं."

मी म्हणाले, मामी, हे कशाला कापलं? हे कडं होतं. बांगडी नव्हती.

"हातात काई नको म्हणून लिवलंय न्हवं तुमी. सरकारचंच आसंल म्हणलं."

मी विचारलं, भाऊसाहेबांनी हात बघितला का?

"न्हाई वो. मान बी वर केली न्हाई. ठप्पा मारला आन् दिलं पुस्तक."

मी तिथं उभी राहिले. माझा नंबर आला, गेला. गुरुजी पुढं झाले.

तिचा हात बघितलाच नाही. म्हणजे हात बघायचा नियमच नव्हता. तो फक्त माझ्यासाठी होता, आमच्या वस्तीतल्या रीत टाकलेल्या बाईसाठी. तिला ती रीत पुन्हा पाळायला लावायची होती. आणि भाऊसाहेबांनी एका माझ्यासाठी काढलेला नियम मी अकरा जणींना लागू केला होता. नीट अक्षरात. भाऊसाहेबांना एक कागद लिहावा लागला नव्हता.

"मंग हे सांगितलं कुनी?" मामीनं विचारलं.

मी म्हणाले, "मी."

तिनं कडं पुन्हा कनवटीला खोवलं आणि दौंडच्या गाडीला गेली.

त्या दिवशी मी शिक्का न घेता परत आले. दुसऱ्या दिवशीपासून कागद गोळा करायला निघाले. आठवड्याचा मजुरीचा खाडा झाला. वरवंड, शिक्रापूर, मधल्या वाड्या. नऊ कागद मिळाले. प्रत्येकीसमोर ती शेवटची ओळ खोडली आणि सांगितलं, ही माझी चूक आहे, सरकारची नाही. एक म्हणाली, आता इतक्या वेळा काढल्या, आणखी एकदा काय. दुसरी दारातून आत घेईना, कागद तेवढा उंबऱ्यावरून दिला. दोघींचा पत्ता लागला नाही.

मग फॉर्म पुढून मागून वाचला. नाव, नवऱ्याचं नाव, पुस्तकाचा नंबर, पुन्हा लग्न केलेलं नाही, सही, दाखला देणाऱ्याची सही. संपलं. कचेरीच्या फळ्यावर नवं परिपत्रक लागलं होतं. तेही उभ्यानं वहीत उतरवून घेतलं, शब्द न् शब्द. दोन खेपा लागल्या. शिपाई म्हणाला, बाई, परीक्षेला बसताय का?

त्याच आठवड्यात खिडकीवर गेले. दोन्ही हातांत चार-चार बांगड्या. फॉर्म दिला.

भाऊसाहेबांनी बघितलं. "विसरलीस वाटतं. जा, काढून ये."

"नियम दाखवा."

"काय?"

"बांगड्या नकोत, हा नियम कुठं आहे ते दाखवा."

ते म्हणाले, नवीन परिपत्रक आलंय, आता आणखी कडक आहे, तुला काय कळणार. मी वही उघडून गजाशी धरली. म्हटलं, हे ते परिपत्रक, यात कुठं आहे तेवढं बोट ठेवा.

त्यांनी वहीकडं बघितलं नाही. "मी सांगतो तो नियम."

"मग तेवढं लिहून द्या. हातात बांगड्या आहेत म्हणून पेन्शन रोखली. खाली सही, तारीख."

गुरुजी मागून म्हणाले, "तुम्हा लोकांना जरा अक्षर आलं की लगेच कायदा सुचतो." मी मागं वळले नाही. भाऊसाहेबांनी फॉर्म फेकला. म्हणाले, चौकशी लावतो, गावात पंचनामा होऊ दे तू कशी राहतेस त्याचा. पेन्शन बंद.

दौंडला जंक्शनच्या बाहेर टायपिंगवाला बसतो. त्याच्याकडून अर्ज टाइप करून घेतला, तीन प्रती. एक पुण्याच्या वरच्या कचेरीला, एक इथल्या कचेरीत आवक नंबर घेऊन, एक माझ्याकडं. पुण्याहून उत्तर आलं की कागद संबंधित कचेरीकडं पाठवले आहेत. संबंधित कचेरी म्हणजे तीच खिडकी.

आता पाच महिने झाले. तलाठी येऊन गेला. शेजारणींना विचारून गेला की माझ्याकडं कोण येतं-जातं. विचारणाराच तेवढा आला होता. पोरीची शाळा चालू आहे, वह्या उधारीवर. मी खुरपायला जाते, मिळेल तिथं. दुकानदार आबांना बघून आत जातो.

आबांना सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, मग इतकी वर्सं काय करीत व्हतीस? म्हटलं, काढत होते. दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत.

आणि गेल्या आठवड्यात, ज्वारीचं मडकं तळाला लागलं तेव्हा, त्यांनीच मला हाक मारली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, काढ त्या. माजं ऐक. घटकाभराचं काम हाय. मी दिली परवानगी."

मी त्यांच्यासमोर बसले. ज्या माणसानं मढ्याशेजारी उभं राहून दगड अडवला, त्याला त्या खिडकीनं इथवर आणलं होतं. भाऊसाहेबांचा एवढा राग मला आधी कधी आला नव्हता. मी म्हणाले, आबा, तुम्ही दिलेली परवानगी मला नको. तेव्हा तुम्ही राखलं, आता माझं मी राखते.

ते उठून बाहेर गेले. अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सोमवारी खिडकी उघडते. मी जाणार आहे. फॉर्म भरला आहे. नाव विचारा, सांगीन. नवऱ्याचं नाव विचारा, पुस्तकाचा नंबर विचारा, पाठ आहे. पुन्हा लग्न केलं नाही, त्याखाली सही आहे. याच्यापलीकडं एकही प्रश्न विचारला तर उत्तर देणार नाही, हात पुढं करणार नाही आणि खिडकीवरून हलणारही नाही. मागं रांग खोळंबली तर खोळंबू दे. गुरुजींची यष्टी चुकली तर चुकू दे.