घानाच्या बाईचं नाक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर डाळिंब्या सोलल्या. रविवारची संध्याकाळ होती. परातीत कोमट पाणी, पाण्यात मोड आलेले वाल, समोर टीव्ही. शालनचा हात चालायचा. मी एक सोलेपर्यंत तिचे तीन. वर मलाच म्हणते, "अहो, लोखंड घासताय का? अख्खे राहू द्या की." मी म्हटलं, "मग तूच सोल." तरी बसलो शेवटपर्यंत. उसळ झाली, जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्याच आठवड्यातल्या एका कामाबद्दल आणि एका बाईबद्दल.

मी टूलरूमचा माणूस. शिक्षण सातवीपर्यंत. भोसरीत हात तयार झाला, मग सिंगापूरला तुआसमध्ये साच्यांच्या वर्कशॉपमध्ये आलो तो इथलाच झालो. आता रिटायर आहे, पण हाताचं बारीक काम आलं की बोलावतात. मोदकाचा साचा असतो ना, दोन बाजूंनी उघडणारा? तसंच आमचं. फक्त साचा स्टीलचा, आणि सारणाच्या जागी वितळलेलं प्लास्टिक. एकदा साचा भरला की त्याला शॉट म्हणतात.

त्या महिन्यात आमच्याकडे बाहुलीच्या चेहऱ्याचा साचा चालला होता. गिऱ्हाईक घानाची बाई. मॅडम अकोसुआ. तिकडे तिची बाहुल्यांची फॅक्टरी. काळ्या बाहुल्या, तिकडच्या पोरींसारख्या दिसणाऱ्या. तिने स्वतः मातीचा चेहरा घडवून पाठवला होता. आम्ही साचा केला आणि ट्रायल बघायला ती विमानाने आली. त्याच दिवसांत माझ्या घरी हे झालं.

चौथ्या दिवशी आमच्या मालकाचा फोन आला. मालकाला इथे टावके म्हणतात.

"अंकल, सॉरी हां. फक्त एवढं सांग, तुझे बारीक पॉलिशिंग स्टोन कुठे ठेवलेत?"

"कशाला हवेत?"

"मॅडमने चेहरा रिजेक्ट केला. असलं नाक नको म्हणते. परवा तिची फ्लाइट आहे. साचा तसाच पडला तर तिची फॅक्टरी या मोसमात बंद राहणार."

मागून बाईचा आवाज ऐकू आला. ओरडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हा चेहरा कोणाचा आहे? मला सांगा, कोणाचा आहे?"

मी शर्ट घातला. मुलगा लॅपटॉपवरून उठला. "बाबा, सुतक आहे. दहावा व्हायचाय. लोक काय म्हणतील?"

"इथे पासिर रिसमध्ये कोण लोक?"

"निदान आईसाठी तरी."

"तुझी आई मला घरात बसलेलं बघून वैतागायची," म्हटलं, आणि निघालो. दारात तिच्या चपला होत्या. चार दिवस कुणी हलवल्या नव्हत्या. मीही नाही हलवल्या.

एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, लाइनीच्या एका टोकाला आमचं घर आणि दुसऱ्या टोकाला तुआस. अख्खं सिंगापूर पार करून गेलो. टावके दारातच आडवा आला.

"अंकल, कॅनॉट लाह! नवीन साचा, आणि तू आत्ताच स्मशानातून आलेला. बॅड लक."

गंमत बघा. घरी मुलगा सुतक म्हणतो, इथे हा चिनी माणूस तेच म्हणतो. दोघांचं एकमत फक्त मला बाहेर ठेवण्यावर. मी बाहेर लाकडी पॅलेटवर बसलो. म्हटलं, स्टोन कुठे ते सांगून जाऊ.

तेवढ्यात मॅडम बाहेर आली. चांगली उंच, भरलेली बाई. मोठमोठ्या पिवळ्या फुलांचा झगा, डोक्याला तसंच कापड बांधलेलं. माझ्या शेजारी पॅलेटवर बसली. पॅलेट करकरलं.

"पापा, तुम्हाला आत का नाही घेत?"

माझं इंग्रजी वर्कशॉपपुरतं. म्हटलं, "माय वाइफ डाय. फोर डेज."

ती माझ्याकडे वळली. मग सावकाश, मला कळेल असं बोलायला लागली. तिचा नवरा गेला तेव्हा ती बाजारात कापड विकायची. त्यांच्या गावात विधवेने बाजारात बसायचं नाही. तिला एका खोलीत बसवली. काळे कपडे, जमिनीवर चटई, वर्षभर. तिने हात लावलेलं कापड कोण घेणार? पोरं लहान. घरात विकायचे राहिलेले तुकडे पडले होते. त्यांच्या तिने बाहुल्या शिवल्या. थोरली मुलगी खिडकीतून घ्यायची आणि विकून यायची. कुणी शिवल्या ते सांगायची नाही.

"वर्ष संपलं, मी बाहेर आले," ती म्हणाली, "तर गावातल्या प्रत्येक घरात माझी बाहुली. ज्यांनी मला कोंडलं त्यांच्याही घरात."

आणि हसली. असं हसली की आतली मशीनवरची पोरं वळून बघायला लागली.

 आयुष्यात पुष्कळ मालक पाहिले. कुणी बापाच्या पैशावर, कुणी डोक्याच्या जोरावर चाललेला. कोंडलेल्या खोलीतून फॅक्टरी काढलेली ही पहिली. आता तिच्याकडे शंभरावर बायका काम करतात, त्यातल्या निम्म्या विधवा. नवीन साच्याची पहिली बाहुली ती विकत नाही. तिच्या गावच्या सरकारी दवाखान्यात पोरांचा वॉर्ड आहे, तिथे ती स्वतः नेऊन देते. त्या वॉर्डाच्या खाटाही तिनेच दिल्या, हे मला टावकेने नंतर सांगितलं. ती बोलली नाही.

ती उठली आणि टावकेला म्हणाली, "या माणसाला आत घ्या. माझा सगळा धंदा सुतकातून निघालाय. मला त्याचं बॅड लक चालेल."

टावके अडचणीत. गिऱ्हाइकाचा शब्द मोडवत नाही, श्रद्धाही सोडवत नाही. शेवटी त्याने बायकोला फोन केला. ती बादलीत पोमेलोची, म्हणजे पपनसाची, पानं घातलेलं पाणी घेऊन आली. आपल्यात स्मशानातून आल्यावर कडुलिंबाचं पान चावतात, तसं त्यांच्यात हे. मी तोंड धुतलं, हात धुतले. मॅडमनेही धुतले. मग टावके म्हणाला, सगळ्यांनीच धुवा. अख्खं वर्कशॉप लाइनीत उभं राहून हात धुतंय. बांगलादेशी पोरं, मलेशियाचा ऑपरेटर, सगळे. हिंदी फिल्ममध्ये पण असलं काही पाहिलं नव्हतं.

आता नाकाचं सांगतो. मॅडमच्या मातीच्या चेहऱ्याचं नाक पसरट, नाकपुड्या भरलेल्या. असं नाक साच्यात अडकतं. साचा सरळ उघडतो, पण नाकपुडीच्या कडेमागे गेलेला माल बाहेर येताना धरून बसतो. आमच्यात त्याला अंडरकट म्हणतात. ते नको म्हणून आमच्या डिझाइन ऑफिसने नाक थोडं बारीक केलं होतं. थोडंच. पण चेहरा बदलला. काळ्या रंगाची परदेशी मडमीण झाली.

"नाक मोठं केलं तर पीस आपोआप पडणार नाही," टावके म्हणाला. "हाताने ओढावा लागेल. एका पीसला दुप्पट वेळ, मॅडम."

"मग हाताने ओढू."

"मशीन थांबून राहील!"

"मिस्टर, माझ्या गावात मशीन थांबलं तर कुणी उपाशी राहत नाही. हात थांबले तर राहतं. माझ्याकडे हात खूप आहेत."

  चाळीस वर्षं आम्ही एकच शिकलो होतो, पीस लवकर पडला पाहिजे. उलटा हिशेब करणारं गिऱ्हाईक आम्ही पाहिलंच नव्हतं.

साच्यातलं स्टील काढलं की वस्तू मोठी होते. म्हणजे नाक रुंद करायला साचा नवा नको, आतून कोरायचा. पण किती? मातीचा चेहरा साचा होताच घानाला परत पाठवलेला. फोटोत खोली कळत नाही.

"मॅडम, ड्रॉइंग नको. मला नाक पाहिजे."

तिने माझा अंगठा धरला आणि सरळ आपल्या नाकपुडीवर ठेवला. "घ्या. हे माझ्या आईचं, माझं, माझ्या मुलींचं. बघा."

मी सत्तरीचा माणूस, चार दिवसांचा विधुर, आणि परक्या बाईच्या नाकावर अंगठा. कान तापले. मशीनवरची पोरं खिदळली. ती डोळे मिटून शांत उभी, डॉक्टरकडे उभं राहावं तशी. मग मलाही लाज राहिली नाही. बाहेरची गोलाई, कड कुठे वळते, आत कुठे जाते, सगळं बोटाने वाचलं.

आणि कामाला लागलो. छोटा ग्राइंडर, मग स्टोन, मग लाकडी काडीवर डायमंड पेस्ट. थोडं काढायचं, मेण दाबून छाप घ्यायची, तिला दाखवायची. ती नकाराची मान हलवायची, पुन्हा काढायचं. दुपारी टावकेने चिकन राइस मागवला. मी शाकाहारी म्हणून माझा नुसता भात आणि काकडी. मॅडमने तिच्या पिशवीतली तळलेली केळी माझ्या भातावर ठेवली. बरी लागली.

शेवटी छाप तिला पटली, साचा मशीनवर चढला. पहिला शॉट. ऑपरेटरने ओढला, नाक फाटलं. दुसरा, फाटलं. टावके वर बघून पुटपुटायला लागला. माझ्याकडे बघत नव्हता, पण मला कळत होतं.

मॅडमने डोक्याचं कापड सोडलं, हाताला गुंडाळलं. "गार होऊ देताय तुम्ही. गरम असताना काढा." तिसरा शॉट उघडला तशी ती पुढे झाली. हनुवटीकडून धरलं, आतल्या बाजूने अंगठा दाबला, थोडा पीळ दिला. चेहरा अख्खा बाहेर आला. ऑपरेटरने आ वासला. कुणी तिला हे शिकवलं असेल, कुणास ठाऊक. मला वाटतं कुणीच नाही.

तिने चेहरा उजेडात धरला. बराच वेळ. "हो," म्हणाली. "ही आमच्या गल्लीतली आहे."

मी विचारलं, "नाव काय ठेवणार हिचं?"

"मी नाव ठेवत नाही, पापा. जिची बाहुली, तिने ठेवायचं."

सुतकात काम करावं की नाही, ते भटजींना विचारा, मला काही कळत नाही. एवढंच कळलं की साचा अडला तर आधी विचारावं, घाई नक्की कुणाला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तुआसला गेलो. साचा बोटीने जाणार, वाटेत खारा वारा. आतून बाहेरून तेलाचा हात दिला, कागदात गुंडाळला, पेटीत बसवला. टावके चहा घेऊन आला.

"अंकल, तू तर सुट्टीवर आहेस ना?"

"नाही," म्हटलं. "कामावर आलोय. मला फक्त दहाव्याची एक दिवस सुट्टी द्या."

तो ओके लाह म्हणाला. मी पेटीला खिळे ठोकायला घेतले.